मुकादम कसा घडतो?



लिंबागणेशच्या या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतसाहित्य, शेती, पाणी असे विषय शोभतात. संयोजकांनी मला विषय विचारला आणि मी ‘संगणकात उभी केलेली संस्था’ असं सांगितलं, तेव्हा फोनवर पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही. त्यांची अडचण रास्त होती. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या या रस्त्यानं दसरा-दिवाळीनंतर ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. कोण कोल्हापूर-सांगलीकडे, कोण साताऱ्याकडे, कोण पार बेळगावकडे. तिथं संगणकातल्या काल्पनिक माणसांची गोष्ट कशाला सांगायची? पण विषय निवडला तो या रस्त्यामुळेच. कारखाना, त्याच्या खाली वाहतूकदार, त्याच्या खाली मुकादम, मुकादमाखाली टोळी आणि टोळीत कोयते, ही उतरंड समोर बसलेल्या बहुतेकांच्या घरातून गेलेली आहे. जगभरातले विद्वान गेली पन्नास वर्षं ज्या प्रश्नामागे लागले आहेत, तो प्रश्न तुम्ही दर हंगामात जगता.

प्रश्न असा: संस्थेत वरच्या पायरीवर विशिष्ट स्वभावाचीच माणसं का दिसतात? आपण चटकन म्हणतो, ‘खुर्ची माणसाला बिघडवते’, किंवा ‘मुळातच तसला होता’. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर उठायचं आहे त्यांची सोय होईल. वर जायचा नियम काय आणि वर टिकायचा नियम काय, यावर वर कोण दिसणार हे बहुतांशी ठरतं. नियम तोच ठेवून माणूस बदलला तर दोन-चार वर्षांत तोच माणूस नव्या नावानं परत येतो. हे नुसतं म्हणून पटत नाही, म्हणून ते संगणकावर करून पाहायचं.

करून पाहायचं म्हणजे काय? संगणकात हजार-दोन हजार काल्पनिक माणसं वसवायची. प्रत्येकाला दोन-तीन साधे नियम द्यायचे: शेजारी असा वागला तर तू असं वाग, इतकी कमाई झाली तर थांब, नाही तर हल. मग घड्याळ सुरू करायचं आणि गावाचं, बाजाराचं, कचेरीचं काय होतं ते पाहत बसायचं. ‘सगळ्यांनी मिळून असं करा’ असा हुकूम कुणालाच दिलेला नसतो. जे घडतं ते या लहान-लहान वागण्यांच्या बेरजेतून.

यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग संगणकाशिवायच झाला. थॉमस शेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं पटावर दोन प्रकारची नाणी मांडली आणि नियम ठेवला, की आपल्या शेजाऱ्यांत साधारण एक तृतीयांश आपल्यासारखे असले तरी नाण्यानं समाधान मानायचं, नसले तर रिकाम्या घरात हलायचं. इतकी सौम्य अपेक्षा. तरी थोड्या वेळात पटावर दोन्ही प्रकारच्या नाण्यांच्या वेगवेगळ्या वस्त्या पडतात. १९७१ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं, पुढं २००५ साली त्याला नोबेल मिळालं. इथं मी एक खडा टाकतो. शेलिंगची नाणी दाखवून कुणी म्हणेल, की आपल्या गावांतल्या वस्त्याही अशाच आपोआप वेगळ्या झाल्या, तर ते खोटं आहे. त्या हुकमानं, धाकानं आणि विहिरीच्या पाण्यावरून वेगळ्या झाल्या. अशा मांडलेल्या नमुन्यात, म्हणजे प्रतिरूपात, जुलमाचा नियम घातलाच नाही तर उत्तरात जुलूम दिसणार कुठून? ही या शास्त्राची मर्यादा पहिल्याच टप्प्यावर ध्यानात ठेवा, पुढं ती पुन्हा आडवी येणार आहे.

महाराष्ट्रात या पद्धतीचं मोठं काम झालं ते करोनाच्या साथीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये संगणकात अख्खी मुंबई वसवली: सुमारे सव्वा कोटी माणसं, त्यांची घरं, झोपडपट्टी, ऑफिसं, शाळा, लोकल. लोकल कधी सुरू करावी, ऑफिसात किती जणांना येऊ द्यावं, हे प्रश्न त्या कागदी मुंबईवर विचारता आले. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. एकच शहर, एकच विषाणू. घर केवढं आणि संडास किती जणांत, याचा त्या फरकात मोठा हात असावा.

आता उतरंडीकडे येऊ.

१९६९ साली लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल या दोघांनी एक खुसखुशीत पुस्तक लिहिलं. त्यातलं तत्त्व असं: उतरंडीत प्रत्येक माणूस आपल्या अकार्यक्षमतेच्या पायरीपर्यंत चढतो. चांगलं काम केलं की बढती, तिथंही चांगलं केलं की पुन्हा बढती. जिथं काम जमत नाही तिथं बढती थांबते आणि माणूस तिथंच निवृत्तीपर्यंत बसतो. लोक हसले आणि विसरले. समोर जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक बसलेत, ते मात्र आत्ताही हसताना दिसतात. वर्गात मुलांना जीव लावणारा शिक्षक केंद्रप्रमुख होतो आणि दिवसभर माहितीचे तक्ते भरून वर पाठवतो. वर्गाचा शिक्षक गेला तो गेलाच, तक्ते भरणाराही धड मिळाला नाही.

इटलीत सिसिली बेटावर कटानिया नावाचं विद्यापीठ आहे. तिथल्या प्लुकिनो, रापिसार्दा आणि गारोफालो या तिघांनी २०१० मध्ये पीटरची थट्टा गंभीरपणे घेतली. त्यांनी संगणकात १६० माणसांची एक कचेरी मांडली. सहा पायऱ्या: सगळ्यात खाली ८१ जण, मग ४१, २१, ११, ५ आणि टोकाला साहेब एक. प्रत्येकाला वय दिलं आणि एक ते दहामध्ये कार्यक्षमतेचे गुण दिले. साठी झाली की निवृत्ती, गुण चारच्या खाली गेले की घरी. जागा रिकामी झाली की खालच्या पायरीवरून एकाला वर घ्यायचं. कुणाला? तीन पर्याय: सर्वांत चांगल्याला, सर्वांत वाईटाला, किंवा चिठ्ठी टाकून कुणालाही.

आणि एक गृहीतक दोन तऱ्हांनी धरलं. पहिली तऱ्हा आपली नेहमीची समजूत: खाली चांगला तो वरही जवळपास तेवढाच चांगला. दुसरी पीटरची: वरचं काम वेगळंच आहे, त्यामुळं खालच्या कामातले गुण वर उपयोगी नाहीत, तिथं नव्यानं गुण पडणार.

निकाल ऐका. पहिली समजूत खरी असेल तर उत्तमाला बढती द्या, कचेरी सुधारते. पीटर खरा असेल तर उत्तमाला बढती दिल्यानं कचेरीची एकूण कार्यक्षमता सुमारे १० टक्क्यांनी घसरते आणि वाईटाला बढती दिली तर सुधारते! आणि यातलं कोणतं गृहीतक खरं हे ठाऊक नसेल तर? चिठ्ठी टाका. चिठ्ठीनं फार फायदा होत नाही, पण दोन्हींकडे नुकसानही होत नाही. या कामाला त्या वर्षीचं ‘इग नोबेल’ मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात.

हे चमत्कारिक वाटतं, पण यात जादू नाही. उद्या शाळेत करून बघा. दहा मुलांना एक ते दहा अंकांच्या चिठ्ठ्या द्या. हे त्यांचे आताच्या कामातले गुण, बेरीज ५५. यातल्या एकाला मॉनिटर करायचं आहे, आणि मॉनिटरचं काम वेगळं असल्यामुळं तो नवी चिठ्ठी काढणार. नव्या चिठ्ठीची सरासरी साडेपाच. दहावाल्याला वर नेलंत तर खाली उरले ४५, वर आले सरासरी साडेपाच. एकवाल्याला नेलंत तर खाली उरले ५४, आणि वर तेच सरासरी साडेपाच. नऊ गुणांचा फरक सरळ डोळ्यांसमोर आहे. मग संगणक कशाला? कारण खऱ्या कचेरीत पायऱ्या अनेक असतात, दर वर्षी कुणी निवृत्त होतं, कुणाला काढतात, कुणी नवा येतो, आणि वरच्या पायरीवरच्या चुकीचं वजन जास्त असतं. हे सगळं वर्षानुवर्षं मनात चालवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

आता शंका घेणाऱ्यानं म्हणावं, की हे सगळं संगणकातलं झालं, प्रत्यक्षात काय? अमेरिकेत बेन्सन, ली आणि शू या तिघा अर्थतज्ज्ञांनी १३१ कंपन्यांतल्या विक्रेत्यांची माहिती तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. जो जास्त माल विकतो त्याला व्यवस्थापक होण्याची संधी जास्त मिळते. आणि असे तडाखेबंद विक्रेते व्यवस्थापक झाले की त्यांच्या हाताखालच्यांची विक्री खाली जाते. म्हणजे कटानियाच्या कागदी कचेरीत पीटरचा जो अंश होता, तो बाजारातही सापडला. अर्थात, खालचे गुण वर शून्य उपयोगी असं कुठंच नसतं, पीटरचं गृहीतक टोकाचं आहे. पण कंपन्या ज्या गुणावर बढती देत होत्या तो गुण चुकीचा होता, एवढं नक्की. उत्तम विक्रेत्याचा पगार वाढवा, मान द्या, पण दहा माणसं त्याच्या हाताखाली द्यायला हवीत असं थोडंच आहे?

चिठ्ठीवर कुणी हसू नये. आपल्या लोकशाहीत चिठ्ठी चालतेच. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसीलला निघते, लहान मुलाच्या हातानं चिठ्ठी काढतात, आणि पाच वर्षं तयारीत असलेल्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. चिठ्ठी माणूस निवडत नाही, फक्त प्रवर्ग ठरवते. तरी केवढा फरक पडतो. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांत राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी याचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथं आरक्षणामुळं बाई प्रमुख झाली, तिथं पाण्याच्या कामांवर जास्त खर्च झाला. बायका त्याच गावातल्या, गावं तशीच, निधीही तसाच. वर कोण जाणार याचा नियम बदलला आणि पाण्याची कामं वाढली. ‘सरपंच बाई, कारभारी नवरा’ हा टोमणा आपण सर्रास मारतो. तो अनेक ठिकाणी खराही आहे. पण आकडे म्हणतात, तेवढंच खरं नाही.

मी एवढा वेळ कचेरी आणि कंपनीत घालवला, कारण मला मुकादमापर्यंत यायचं होतं.

मुकादमाबद्दल दोन मतं ऐकायला मिळतात. शहरातल्या परिसंवादात तो खलनायक असतो. उसाच्या फडात मात्र तो मामा, चुलता, भाऊबंद असतो. आजारी पडलं तर दवाखान्यात नेणारा तोच, आणि खाडा पडला, म्हणजे कामाचा दिवस बुडला, तर पैसे कापणारा तोच. दोन्ही मतं माणसाबद्दल आहेत. आपण नियम पाहू.

पावसाळ्यात उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, वाटली जाते. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. मजुराचा करार बहुधा तोंडी, फार तर स्टँपपेपरवर. कारखान्याशी त्याचा थेट कागद नाही. मुकादमाचं उत्पन्न म्हणजे टोळीच्या तोडणीवरचं कमिशन. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा मुकादमांचं कमिशनही वाढलं.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या टोळीचे वेगळे असतील. धरून चला, दहा कोयत्यांची टोळी, प्रत्येक जोडीला लाखाची उचल. एक जोडी हंगामात अडीचशे टन तोडते, टनाला साडेतीनशे रुपये, कमिशन २० टक्के. एका कोयत्यामागं मुकादमाला मिळाले साडेसतरा हजार. दहाही कोयते शेवटपर्यंत राहिले तर पावणेदोन लाख. आता यातले दोन कोयते आलेच नाहीत. कुणाची आई आजारी पडली, कुणी दुसऱ्या मुकादमाचीही उचल घेऊन तिकडं गेलं. उरलेल्या आठांचं कमिशन एक लाख चाळीस हजार, आणि बुडालेली उचल दोन लाख. मुकादम पाच महिने राबून साठ हजारांच्या खड्ड्यात. आणि वाहतूकदाराचे पैसे त्याच्याच अंगावर.

या धंद्यात दोन तऱ्हेचे मुकादम असू शकतात. एक मऊ: अडचण आहे ना, पुढल्या वर्षी फेडा. दुसरा कडक: दारात जाऊन बसणारा, जनावर सोडून नेणारा, खाड्याचा पैसा न पैसा कापणारा. सुरुवातीला समजा निम्मे मऊ, निम्मे कडक. पहिल्या हंगामानंतर मऊ मुकादमांतले काही खड्ड्यात गेले. वाहतूकदार त्यांना पुन्हा पैसे देत नाही. ते परत कोयता हातात घेतात. त्यांची जागा नवे लोक घेतात, त्यातही निम्मे मऊ, निम्मे कडक. दुसऱ्या हंगामात पुन्हा तेच. तिसऱ्यात पुन्हा. उचलीचा नियम चाळणीसारखा दरवर्षी हलतो आणि मऊ माणूस खाली पडतो. काही वर्षांनी गावात पाहावं तर मुकादम सगळे कडक. कुणी त्यांना कडक व्हायला शिकवलं नाही, कुणाचे संस्कार बिघडले नाहीत. मऊ माणसं होती, ती टिकली नाहीत, एवढंच.

हेच वर वाहतूकदाराला लागू होतं. मुकादमांनी पैसे बुडवल्याच्या वाहतूकदारांच्या तक्रारी पश्चिम महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत दर वर्षी होतात. म्हणजे खालचा वरच्याला लुबाडतो आणि वरचा खालच्याला पिळतो, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. तरी आपल्या सभांमधून यातली एकच बाजू ऐकू येते, कोणती ते सभा कुणी भरवली यावर ठरतं.

संगणकाचा उपयोग इथं आहे. समजा आपण ठरवलं, उचल कारखान्यानं थेट मजुराच्या खात्यात भरायची. मुकादमाचा धोका गेला. मग मऊ मुकादम टिकेल का? टिकावा. पण मग बुडीत पैसा वसूल कोण करणार? कारखाना गुंड ठेवेल का? किंवा समजा बुडीत उचलीचा विमा काढला. मग मुकादम आणि कोयता संगनमतानं विमा खातील का? किंवा मजुरांची नोंदणी अशी केली, की एकाच हंगामात दोघांकडून उचल घेता येणार नाही. मग अडचणीतल्या बाईला दुसरा सावकार शोधावा लागेल का? हे तीन नियम प्रत्यक्षात करून बघायचे तर तीन हंगाम आणि काही हजार संसार पणाला लागतात. संगणकात एका रात्रीत होतं, आणि कुणाचे दागदागिने गहाण पडत नाहीत.

मात्र मघाशी म्हटलेली मर्यादा इथं पुन्हा आडवी येते. प्रतिरूप लिहिणाऱ्याला सगळ्यात आधी ठरवावं लागतं, की ‘एक माणूस’ म्हणजे कोण. कारखान्याच्या वहीप्रमाणं लिहायला बसलात तर एकक आहे कोयता. जोडी. उचल नवऱ्याच्या हातात पडते, हिशेब त्याच्या नावावर, आणि बाई त्या एककात विरघळून जाते. तिचं दुखणं, तिची पाळी, तिचं बाळंतपण हे सगळं वहीत एकाच शब्दानं येतं: खाडा. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणी हुकूम देऊन ते झालं नव्हतं. खाड्याचा दंड, फडात नसलेला संडास, कोपी म्हणतात त्या झोपडीतला मुक्काम, डॉक्टरचा सल्ला आणि डोक्यावरची उचल, इतके नियम एकाच बाईवर येऊन पडत होते. कोयता हे एकक धरून कितीही मोठा संगणक चालवलात तरी ही गोष्ट पडद्यावर उमटणार नाही. ती बाई वेगळी मोजली तरच दिसेल.

उतरंडीत वर कोण जातं हे पाहिलं. उतरंडीतून वर काय जातं, हा दुसरा प्रश्न. त्यावर जेम्स मार्च या संघटनशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये एक सुंदर प्रतिरूप मांडलं. संस्थेत ५० माणसं. बाहेरच्या जगाबद्दल ३० प्रश्न, ज्यांची खरी उत्तरं कुणालाच पूर्ण ठाऊक नाहीत. प्रत्येकाची आपापली समजूत, आणि वर संस्थेची एक अधिकृत समजूत. माणसं अधिकृत समजुतीकडून शिकतात, आणि अधिकृत समजूत तिच्यापेक्षा ज्यांना जास्त कळतं अशा माणसांकडून शिकते. मार्चनं शिकण्याचे वेग बदलून पाहिले. खालची माणसं वरचं फार पटकन शिकली तर सगळे एकसारखं बोलू लागतात, वरच्याला शिकण्यासारखं काही उरत नाही, आणि संस्थेचं ज्ञान तिथंच थिजतं. सगळ्यात चांगला निकाल कधी? वरची समजूत खालच्यांकडून भराभर शिकते आणि खालची माणसं वरचं सावकाश शिकतात तेव्हा. अधूनमधून थोडे नवखे लोक आले तर तेही उपकारकच.

आपल्याकडे काय चालतं? परिपत्रक निघालं की आठ दिवसांत अंमलबजावणीचा अहवाल हवा असतो. ग्रामसभेतला ठराव मात्र वर्षभर फाईलमध्ये पडून राहतो. त्रिस्तरीय पंचायत राज महाराष्ट्रात १ मे १९६२ ला सुरू झालं, ते ज्ञान खालून वर जावं म्हणूनच. तरी योजना वरून येते आणि मग तिला साजेसा गरजू शोधायची धावपळ सुरू होते. मार्चनंच १९७२ मध्ये कोहेन आणि ओल्सन यांच्याबरोबर अशा संस्थांचं दुसरं एक प्रतिरूप केलं होतं, ज्यात उत्तरं आधी हजर असतात आणि प्रश्न शोधत फिरतात. त्यांनी ते विद्यापीठांवरून केलं. पंचायत समिती पाहिली असती तर त्यांना फोर्ट्रान या संगणकभाषेत लिहायची तसदी घ्यावी लागली नसती.

फडात हे आणखी स्पष्ट दिसतं. कारखान्याचा चिटबॉय फडावर येतो आणि गाडीची स्लिप फाडतो. मग वजनकाट्यावर टन लिहिले जातात. वर जाते ती एवढीच माहिती: किती टन. पाणी कुठून आणता, पोरं शाळेत आहेत का, रात्री साप निघाला का, यासाठी त्या स्लिपवर रकाना नाही. ज्या उतरंडीतून फक्त वजन वर जातं, तिला माणसाबद्दल काही कळण्याचा मार्गच नाही, मग संचालक मंडळ कितीही सज्जन असो.

नियम बदलून उतरंडीचं वागणं बदलतं याचा दाखला परदेशातून आणायची गरज नाही. शिवकाळातल्या किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी असत, एकाला फितवून किल्ला हाती येऊ नये म्हणून. पगार रोख, वतन देऊन नव्हे. महाराजांनी गडावर संतच नेमले होते, असं कुणी म्हणत नाही. माणसं साधीच होती, लोभी असण्याची शक्यता धरूनच व्यवस्था लावली होती. पुढं राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात वतनं आणि सरंजाम पुन्हा आले, आणि सरदारांचं वागणंही त्याप्रमाणं फिरलं. आपल्याच काळातलं पाहायचं तर सरपंच थेट जनतेतून निवडायचा नियम २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. या प्रत्येक वेळी सदस्यांची किंमत कशी चढली-उतरली, हे इथल्या मंडळींना माझ्यापेक्षा बारकाईनं माहीत आहे.

संगणकानं गरिबी हटेल असं मी म्हणत नाही. उत्तर देणारं यंत्र म्हणून त्याच्याकडे पाहू नका. नियम उघड लिहायला भाग पाडणारं साधन म्हणून पाहा. वाद घालताना आपण ‘मुकादम माजलेत’ किंवा ‘मजूर बेभरवशाचे झालेत’ असं मोघम बोलतो. प्रतिरूप लिहायला बसलात की मोघम चालत नाही. उचल किती, बुडाली तर कुणाच्या अंगावर, खाडा कुणी ठरवला, हे आकड्यात लिहावंच लागतं. तिथंच निम्मं भांडण मिटतं आणि उरलेलं निम्मं योग्य माणसापुढं जातं.

म्हणून शेवटी एक मागणं. बीडला आणि आसपासच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणारी मुलं-मुली आता पुष्कळ आहेत, त्यांतली कितीतरी ऊसतोड कुटुंबांतली आहेत. नेटलोगो नावाचं, अशीच प्रतिरूपं करण्यासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलं, ते फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला ग्रंथालयाची नोंदवही आणि उपस्थितीची प्रणाली पुष्कळ झाल्या. यंदा एक टोळी उभी करा. नियम लिहायला पुस्तकं उघडू नका. एका मुकादमाला, एका वाहतूकदाराला आणि तीन-चार बायांना वेगवेगळं बसवून विचारा, आणि बाईला कोयत्यापासून वेगळं मोजा. प्राध्यापक मंडळींनी अशा प्रकल्पाला मार्गदर्शन करावं, आणि तयार झालेलं प्रतिरूप याच व्यासपीठावर, याच लोकांसमोर चालवून दाखवावं, अशी माझी संयोजकांना विनंती आहे. उचलीची बोलणी पावसाळ्यात सुरू होतात, तेव्हा हे काम त्याआधी हातात घ्यायला हवं.